टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस

गेल्या महिन्यात साताऱ्याहून मुंबईला जाताना एसटीमध्ये माझा कॉलेजात शिकणारा भाचा शेजारी बसला होता. पुढच्या बाकावरच्या बाईंनी कंडक्टरकडे "दादर टी.टी." असे तिकीट मागितले, तेव्हा त्याने मला टी.टी. म्हणजे काय, असे विचारले. मी उत्तर देण्याआधीच मागच्या एका गृहस्थांनी तिथे पूर्वी टेबल टेनिसचा हॉल होता, असे मोठ्या खात्रीने सांगितले. वादात पडायचे नाही असे मी मनाशी ठरवले होते, पण ते जमले नाही. टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस, आणि जी ट्राम तिथे संपत असे ती 31 मार्च 1964 रोजी रात्री शेवटची धावली, हे मी सांगून टाकले. पुणे मागे पडेपर्यंत त्यावरच बोलणे चालले, आणि पनवेलपर्यंत भाचा झोपी गेला. त्याला जे सांगायचे राहिले ते येथे लिहीत आहे.

सातारा जिल्ह्यातल्या माणसाने मुंबईच्या ट्रामवर लिहावे यात नवल वाटण्यासारखे काही नाही. आमच्या कोरेगाव तालुक्यातल्या गावात गेल्या पिढीत असे घर शोधून सापडले नसते, ज्याचा एक तरी माणूस परळ-लालबागच्या गिरणीत किंवा बंदरावर नव्हता. माझे आजोबा, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, तेही परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर होते. बोरीबंदर, म्हणजे आजचे सीएसएमटी, ते दादर हा ट्रामचा मार्ग त्यांच्या खोलीपासून हाकेच्या अंतरावरून जात असे. ट्रामबद्दल मला पहिल्यांदा समजले ते त्यांच्याकडून, आणि पुढे जे वाचले ते त्यांच्या सांगण्याशी पडताळून पाहत गेलो.

मार्ग आधी डोळ्यांपुढे आणावा. बोरीबंदरहून क्रॉफर्ड मार्केट, तेथून पायधुनी, भेंडी बाजार, जे. जे. रुग्णालय, भायखळा, पुढे राणीच्या बागेवरून लालबाग, मग परळ, हिंदमाता आणि शेवटी दादर. आज ज्याला आपण डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग म्हणतो, तो बहुतांशी हाच रस्ता. त्या काळी त्याच्या तुकड्यांना परळ रोड, व्हिन्सेंट रोड अशी वेगवेगळी नावे होती. परळला लोक पोयबावडी म्हणत, आणि तिथेही ट्रामचा एक शेवट होता, म्हणून परळ टी.टी. हे नावही अजून टिकून आहे. दादरच्या पुढे काही काळ ट्राम किंग्ज सर्कलपर्यंतही जात असे, मात्र लोकांच्या बोलण्यात टर्मिनस म्हणून दादरच राहिले.

ट्राम मुंबईत आली ती मात्र दादरसाठी नव्हे. 1865 मध्ये एका अमेरिकन कंपनीने घोड्यांच्या ट्रामचा परवाना मिळवला होता. पण त्याच वर्षी अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, मुंबईच्या कापसाचे भाव कोसळले, शहरातले पैसेवाले बुडाले आणि ती योजना कागदावरच राहिली. पुढे 1873 मध्ये स्टर्न्स आणि किट्रेज या मंडळींना नव्याने कंत्राट मिळाले, बॉम्बे ट्रामवे कंपनी स्थापन झाली आणि 9 मे 1874 रोजी घोड्यांनी ओढलेली पहिली ट्राम धावली. कुलाबा ते पायधुनी हा एक मार्ग आणि बोरीबंदर ते पायधुनी हा दुसरा, असा तिचा पसारा होता. सुरुवातीला कुलाब्याहून पायधुनीला तीन आणे पडत आणि तिकीट असे काही देतच नसत. गर्दी वाढली तशी भाडे दोन आण्यांवर आले, आणि फुकटे वाढले तशी तिकिटेही आली. म्हणजे तिकीट हा प्रकार सोयीपोटी नव्हे, तर संशयापोटी जन्मला, असे म्हणायला हरकत नाही.

घोड्यांच्या ट्रामला मर्यादा होती, आणि ती अगदी साधी होती. घोडा काही तासांत थकतो, म्हणून एका डब्यामागे दिवसभरात कितीतरी जोड्या बदलाव्या लागतात. बॉम्बे ट्रामवे कंपनीच्या पागेत नऊशे घोडे होते असे सांगतात, आणि ती पागा कुलाब्याला, आज जिथे बेस्टचे इलेक्ट्रिक हाऊस उभे आहे त्या जागी होती. नऊशे घोड्यांचा दाणा-वैरण, नालबंदी आणि औषधपाणी ज्याला करायचे आहे, तो माणूस मार्ग लांबवण्याच्या भानगडीत सहसा पडत नाही. दादर-माटुंग्याला तर तेव्हा भातशेती, नारळाच्या वाड्या आणि खाजण होते.

चित्र बदलले ते दोन गोष्टींनी. पहिली गोष्ट 1896 ची प्लेगची साथ. दाट वस्तीतल्या अंधाऱ्या चाळींत माणसे पटापट मरू लागली, तेव्हा सरकारने 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला आणि शहर उत्तरेकडे पसरवण्याची आखणी सुरू झाली. दादर-माटुंगा योजना ही त्यातलीच. रुंद रस्ते, मधोमध बागा असलेली वर्तुळाकार चौकांची मांडणी, आणि ठरावीक उंचीच्या, चहूबाजूंनी हवा येईल अशा इमारती, असे तिचे स्वरूप होते. पुढे तिथेच हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी वसली, माटुंग्याला दक्षिणेकडच्या कारकुनांची वस्ती झाली. दुसरी गोष्ट विजेची. 1905 मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी अस्तित्वात आली, जिच्या इंग्रजी आद्याक्षरांतून बेस्ट हे नाव निघाले. तिने जुनी घोडा-ट्राम विकत घेतली आणि 7 मे 1907 रोजी मुंबईच्या रस्त्यावर विजेची पहिली ट्राम धावली. विजेला पागा लागत नाही आणि ती दमत नाही, त्यामुळे रूळ उत्तरेकडे सरकवणे परवडू लागले. परळ, मग दादर, असा मार्ग वाढत गेला. 1920 च्या सप्टेंबरात दुमजली ट्रामही आल्या, कारण गर्दीला एक मजला पुरेनासा झाला होता.

येथे मला एक गोष्ट ठामपणे म्हणावीशी वाटते. ट्राम ही मुंबईच्या गिरणी कामगारांची गाडी होती, असे आपण हौसेने लिहितो आणि जुने फोटो लावतो, पण दादर मार्गापुरते ते अर्धेच खरे आहे. कामगार गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात राहत असे. भोंगा वाजल्यावर दहा-पंधरा मिनिटांत दरवाजा गाठता आला पाहिजे, म्हणूनच तर एका खोलीत दहा-बारा माणसे वळकट्या टाकून पाळीपाळीने झोपत. त्याला रोज ट्राममध्ये बसण्याचे कारणही नव्हते आणि रोजचा आणा खर्च करण्याची ऐपतही नव्हती. दादरच्या ट्रामचे रोजचे गिऱ्हाईक होते ते हिंदू कॉलनीतले, माटुंग्यातले, कोट-टोपी घालून फोर्टातल्या पेढीवर किंवा सरकारी कचेरीत जाणारे पगारदार लोक. हा मार्ग गिरणगावातून जात होता, पण गिरणगावासाठी नव्हता. गिरणगावाच्या पलीकडे राहायला जाता यावे यासाठी तो होता. मध्यमवर्गाचे उपनगर वसवणारी ती गाडी होती, आणि तेच तिचे खरे काम होते असे मी मानतो.

मग आबांचा आणि ट्रामचा संबंध काय? आबा ट्राममध्ये बसत, पण ठरावीक प्रसंगीच. गावाकडून पाहुणा आला, की त्याला राणीची बाग दाखवायला ट्रामने न्यायचे, हा जणू नियमच होता. पाहुण्याला हत्ती-वाघ पाहून जितका आनंद होई, त्याहून अधिक वरच्या मजल्यावर बसल्याचा होई, असे ते सांगत. दुसरा प्रसंग गावाहून परत येण्याचा. सातारा रोड किंवा कोरेगाव स्थानकावर गाडीत बसायचे, ती मीटर गेज, म्हणजे कमी रुंदीच्या रुळांची, पुण्यापर्यंतच. पुण्याला डोक्यावरच्या बोचक्यासह धावत दुसरी गाडी पकडायची आणि दादरला उतरायचे. दादरला उतरून टी.टी.पर्यंत चालत जाण्याचे कारण असे, की टर्मिनसवर ट्राम रिकामी मिळे आणि ज्वारीचे पोते पायाशी ठेवून बसायला जागा सापडे. मधल्या थांब्यावर पोते घेऊन चढणाऱ्याकडे लोक कसे पाहत, हे आबा नक्कल करून दाखवत.

गावातल्या लोकांना ट्राम समजावून सांगताना त्यांनी जी उपमा शोधली होती, ती मला आजही कोणत्याही माहितीपुस्तकापेक्षा चांगली वाटते. रेल्वेचा रूळ जमिनीच्या वर असतो, ट्रामचा रूळ रस्त्यात नांगराच्या तासासारखा आत असतो, असे ते म्हणत. खरोखरच ट्रामचा रूळ खाचेचा असतो; त्याची कड रस्त्याच्या पातळीला असते, जेणेकरून टांगा, हातगाडी, मोटार त्यावरून आडवी जाऊ शकेल, आणि ट्रामच्या चाकाची पाळी त्या खाचेत चालते. पावसाळ्यात ही खाच चिखलाने भरून येते आणि तिला सतत साफ करत राहावे लागते. सायकलवाल्यांना तिची भीती वाटे. अरुंद चाक खाचेत अडकले की माणूस तोंडावर आपटे.

विजेचा प्रकार असा. रस्त्याच्या वर एक उघडी तार ताणलेली असे. ट्रामच्या टपावरून स्प्रिंगने वर दाबलेला एक लांब दांडा निघे आणि त्याच्या टोकाची छोटी चकती त्या तारेला टेकून घरंगळत जाई. वीज तारेतून दांड्यात, दांड्यातून चालकापुढच्या कंट्रोलरमध्ये, तिथून चाकांजवळच्या मोटारींत आणि मग रुळांतून परत उपकेंद्राकडे जाई. अशा ट्रामना साधारण पाचशे-सहाशे व्होल्टचा एकदिशा प्रवाह लागतो, घरातल्या विजेसारखा उलटसुलट होणारा नव्हे. चालक उभाच असे. डाव्या हाताने तो पितळी मूठ एकेक खाच पुढे सरकवी, उजवा हात ब्रेकवर ठेवी, आणि पायाने दाबायची घंटा टण टण वाजवत रस्ता मोकळा करून घेई. वळणावर चकती तारेवरून निसटली, की डब्यातले दिवे जात, गाडी थांबे, आणि कंडक्टर खाली उतरून मागच्या दोरीने दांडा ओढून पुन्हा तारेवर बसवी. अंधारात निळी ठिणगी उडे. लहान मुलांना ती ठिणगी पाहण्यासाठी ट्राम अडकावीशी वाटे, आणि कामावर निघालेल्यांना तिचाच राग येई.

ट्रामचा मोठा गुण तिच्या सरळपणात होता, आणि तोच पुढे तिच्या अंगाशी आला. समोर हातगाडीचे चाक मोडले, बैल बसला, मिरवणूक आली, तर बस वळसा घालून निघते. ट्राम तिथेच थांबते, आणि तिच्या मागे दुसरी, तिसरी, चौथी अशी रांग लागते. आबांच्या तोंडी याचे एक वाक्य होते. बांधावरून कोणी समोरून आला आणि वाट देत नसला, की ते म्हणत, "आरं, वळ की जरा, टरामगत सरळ काय चाललायंस!" ज्यांनी ट्राम कधी पाहिली नाही, अशी गावातली माणसेही नंतर हे वाक्य वापरू लागली होती, आणि माझ्या वडिलांच्या तोंडी ते अजून आहे.

मोटार-बस आली 15 जुलै 1926 रोजी, कुलाब्यातले अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. गंमत अशी की ती ट्रामच्याच कंपनीने आणली. म्हणजे ट्रामचा वारसदार बाहेरून चालून आला नाही, तो तिच्याच घरात वाढला. पुढची वीस वर्षे दोघी शेजारी शेजारी चालल्या. 7 ऑगस्ट 1947 रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, मुंबई महापालिकेने हा सगळा कारभार आपल्याकडे घेतला, आणि त्यानंतर हिशेबाची भाषा बदलत गेली. रूळ जुने झाले होते, ते बदलायला पैसा हवा होता. शहरात मोटारी वाढल्या होत्या आणि मोटारवाल्यांना रस्त्याच्या मधोमध थांबणारी ट्राम, आणि तिच्यात चढण्यासाठी रस्ता ओलांडणारी माणसे, दोन्ही खुपत होती. ट्रामचे मार्ग एकेक करून बंद होत गेले. 11 जून 1962 रोजी गोवालिया टँक ते माझगाव डॉक अशी ट्रॉलीबस सुरू करून पाहिली, जिला वर तारा होत्या पण खाली रूळ नव्हते. वळता येईल अशी ट्राम, असा तो प्रयोग होता. तोही 1971 मध्ये संपला.

ट्राम बंद केली हे चुकलेच, असे आता अनेकजण म्हणतात. मला तसे सरसकट म्हणवत नाही. 1960 च्या सुमाराच्या त्या रस्त्यावर, ज्या खिळखिळ्या डब्यांनिशी ती चालत होती, तशी ती चालवत राहणे कठीणच होते. पण दादरचा हा मार्ग इतर मार्गांसारखा नव्हता, हे मात्र मी म्हणेन. पायधुनी-भेंडी बाजाराच्या गल्ल्यांत ट्राम अडकणे समजण्यासारखे होते. भायखळ्याच्या पुढचा रस्ता मात्र रुंद होता, आणि दादरकडचा भाग तर ट्रस्टने मुळात मोकळा ठेवूनच आखलेला होता. तिथे रुळांसाठी रस्त्याचा मधला पट्टा राखून ठेवता आला असता. आज त्याच रस्त्यावर लालबागला, परळला, हिंदमात्याला एकापुढे एक उड्डाणपूल उभे आहेत, आणि पुलांखाली ती जागा तशीच मधोमध रिकामी पडलेली आहे.

सातारकर म्हणून एक गोष्ट मनात येते, ती थोडी आडवाटेची असली तरी लिहितो. कोयनेच्या पाण्यावर वीज तयार होऊ लागली 1962 मध्ये, आणि ती मुख्यतः मुंबईकडे गेली. पाटण-जावळीकडची गावे त्यासाठी धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गेली, आणि तिथली कितीतरी माणसे पोटासाठी मुंबईलाच गेली. आमच्या जिल्ह्याची वीज मुंबईला पोहोचली, तोवर रस्त्यावरची विजेची गाडी जवळजवळ संपत आली होती. दोन वर्षे तरी दोघींची गाठ पडली असेल.

शेवटची ट्राम 31 मार्च 1964 रोजी रात्री बोरीबंदरहून दादरला निघाली. आत पाय ठेवायला जागा नव्हती, बाहेर दांड्याला माणसे लोंबकळत होती आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक तिला पाहायला उभे होते. शेवटचा प्रवास याच मार्गाचा असावा, याला योगायोग म्हणवत नाही. इतरत्रची ट्राम आधीच गळून पडली होती, आणि दादरपर्यंतची रुंद वाटच तिला शेवटपर्यंत सांभाळून होती. तारा उतरल्या, रुळांवर डांबर पडले. पुष्कळ रूळ उखडण्याचे कष्ट कोणी घेतलेच नाहीत. काही वर्षांपूर्वी फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीसाठी खोदकाम केले, तेव्हा रस्त्याखाली ते जसेच्या तसे निघाले. अणिक आगारातल्या बेस्टच्या संग्रहालयात जुन्या ट्रामच्या आठवणी मांडून ठेवल्या आहेत.

शेवटच्या ट्रामला आबा नव्हते. शिमग्याला गावी आले होते, ते रंगपंचमी करूनच परतले. पुण्याला गाडी बदलून, नेहमीप्रमाणे ज्वारीचे पोते घेऊन दादरला उतरले आणि सवयीने टी.टी.वर जाऊन उभे राहिले. ट्राम बंद झाल्याचे त्यांना एका पानवाल्याने सांगितले. रूळ अजून रस्त्यात होते, पण त्यांच्यावरून बस जात होती. मग त्यांनी पोते डोक्यावर घेतले आणि रुळांच्या कडेकडेने हिंदमाता, परळ करत लालबागपर्यंत चालत गेले. मी लहानपणी त्यांना विचारले होते, की तुम्हाला तेव्हा वाईट वाटले का? त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "पोत्याचं वाईट वाटलं. मी काय, रोज चालतच व्हतो."